पहिली काटकसरी वस्तू घडवताना: पालेभाजीच्या गारव्यावरून शिकायच्या पायऱ्या

मे महिन्यातली सोलापूरची मंडई. सकाळी नऊला मेथीच्या जुडीवर पाण्याचे थेंब असतात, दुपारी दोनला तीच जुडी मान टाकते. भाजीवाल्या मावशी दर थोड्या वेळानं बाटलीतलं पाणी शिंपडतात. बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली पाच-सहा भोकं, खाली पाटी, वर ओलं बारदान. एवढं करूनही संध्याकाळी पंधराची जुडी सातला द्यावी लागते आणि उरलेल्या काही गाईपुढे जातात.

माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. आयटीआय झालेली, डिप्लोमा करणारी मुलं-मुली तिथे येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: स्वस्तातलं, लोकांच्या कामाला येईल असं काहीतरी बनवायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांना तोंडी जे सांगतो ते इथे सलग लिहितो आहे. हवेत बोलायला नको म्हणून एकच वस्तू शेवटपर्यंत हाताशी धरली आहे: पालेभाजी दिवसभर टवटवीत ठेवणारा, विजेशिवाय चालणारा गारवा.

या कामाला आता फ्रुगल इनोव्हेशन, म्हणजे काटकसरी नवनिर्मिती म्हणतात. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याचं सूत्र सोपं करून मांडलं आहे: कमी साधनांत, जास्त काम, जास्त लोकांसाठी. या तीन तुकड्यांपैकी नवशिक्यांना फक्त पहिला लक्षात राहतो आणि तिथेच वस्तू बिघडते. पत्रा पातळ केला, वेल्ड कमी मारले, रंग एकच हात दिला की वस्तू स्वस्त होते, पण ती काटकसरी होत नाही. सहा महिन्यांत मोडणारी वस्तू घेणाऱ्याला सगळ्यात महाग पडते, कारण त्याच्याकडे दुसरी घ्यायला पैसे नसतात.

जुगाड आणि ही कारागिरी यातला फरकही आधीच समजून घ्या. जुन्या सायकलचं पुढचं चाक, फोर्क आणि मागे लोखंडी पास (तण कापणारं आडवं पातं) लावून केलेलं सायकल कोळपं आपल्याकडे गावोगाव दिसतं. एका शेतकऱ्यानं स्वतःपुरतं केलं तेव्हा तो जुगाड होता. पण पासेची रुंदी दोन ओळींच्या अंतराप्रमाणे बदलता यायला लागली, दांडा कमी-जास्त उंचीच्या माणसाला जुळायला लागला आणि कुठल्याही गावच्या लोहाराला तेच कोळपं पुन्हा करता यायला लागलं, तेव्हा ती वस्तू झाली. तुम्हाला इथवर जायचं आहे.

पहिली पायरी: नुसतं बसा

वही, पेन, एक ताणकाटा आणि पाण्याची बाटली घ्या आणि ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांच्याजवळ पूर्ण दिवस बसा. तासभर जाऊन फोटो काढून येणं इथे उपयोगाचं नाही. पहाटे माल उतरतो तेव्हापासून रात्री टोपल्या उचलतात तोपर्यंत. परवानगी आधी मागा, गिऱ्हाइकाच्या आड येऊ नका आणि निघताना चार जुड्या विकत घ्या.

"तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न विचारू नका. समोरचं माणूस तुमचं मन राखायला काहीतरी सांगतं. फ्रिज हवा म्हणेल आणि तुम्ही फ्रिज करायला जाल. त्यापेक्षा हात बघा. हात कुठे पुन्हा पुन्हा जातो, कशाला वैतागतो, काय टाकून देतो. मावशींकडे मी पहिल्या दिवशी लिहिलेल्या नोंदी अशा होत्या: बसूनच सगळं काम, उठणं नको. उजव्या हाताला जुड्या, डाव्या गुडघ्याखाली पैशाची पिशवी. पाणी समोरच्या चहावाल्याकडून, एका वेळी एक कळशी, तीही त्याची गर्दी नसेल तेव्हाच. दुपारी बाराला सावली सरकते, मग सगळी मांडणी हातभर मागे ओढायची. रात्री रिकाम्या पाट्या आणि दोन प्लास्टिकचे क्रेट ओळखीच्या दुकानात ठेवायचे. "पानं वाळली की गिऱ्हाईक हात लावीना बघा," हे त्यांचं वाक्य मी तसंच लिहून घेतलं, कारण त्यात मोजायची गोष्ट कोणती ते आलं होतं. भाजी किती गार आहे हे गिऱ्हाईक बघत नाही, पान ताठ आहे का ते बघतं.

असं बसण्यानं केवढा फरक पडतो त्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं उदाहरण जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास मास्टरजी रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. त्या वेळचे परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी होते. त्यांत उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालणं अवघड, अनवाणी शेतात जाणं तर दूरच. रबर, लाकूड, अॅल्युमिनियम असं साधं साहित्य आणि स्थानिक कारागिरांचा हात वापरून त्यांनी जो पाय केला तो स्वस्त तर होताच, शिवाय इथल्या माणसाच्या बसण्या-उठण्याला जास्त योग्य होता. महागड्या पायातून काही कमी करत जाऊन तो झाला नाही. माणसाकडे बघून नव्यानं सुरू केल्यामुळे झाला.

दुसरी पायरी: गरज एका वाक्यात, आणि त्याला पैशाची मर्यादा

घरी आल्यावर वहीत एक वाक्य लिहा. त्यात वस्तूचं नाव येऊ द्यायचं नाही. पेटी, फ्रिज, टोपली, यंत्र यांतला एकही शब्द आला तर तुम्ही उत्तर आधीच ठरवून टाकलं आहे.

आमचं वाक्य असं झालं: साठ ते ऐंशी जुड्या सकाळी नऊ ते रात्री आठ ताठ राहाव्यात, बसल्या जागेवरून हात पोचावा, दिवसाला एका कळशीपेक्षा जास्त पाणी लागू नये आणि एकट्या बाईला उचलता यावं.

यातला प्रत्येक भाग मोजता येतो, हे बघा. "वापरायला सोपं" असं लिहिलं की भांडण कधी संपत नाही. "बसल्या जागेवरून हात पोचावा" म्हटलं की टेप लावता येते.

आता मर्यादा. किंमत शेवटी काढायची नसते, सुरुवातीला काढायची. समजा मावशींकडे ऐंशी जुड्या आहेत, भाव पंधरा रुपये. बारा जुड्या संध्याकाळी निम्म्या भावात गेल्या, म्हणजे नव्वद रुपये बुडाले. चार टाकल्या, म्हणजे साठ. दिवसाचं नुकसान दीडशे. तुमच्या वस्तूनं ते निम्म्यावर आणलं तर रोजचे पंचाहत्तर रुपये वाचतील. रोजच्या कमाईवर घर चालतं अशा माणसाला "वर्षभरात पैसे वसूल होतील" हे सांगून उपयोग नसतो. पंधरा दिवसांत वसूल व्हायला हवेत, असं मी धरतो. पंधरा गुणिले पंचाहत्तर, अकराशे पंचवीस. याच्यावर एक रुपया गेला तर वस्तू कितीही छान असो, ती मंडईत जाणार नाही. हा आकडा शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

तिसरी पायरी: आधी कोणी काय केलंय ते बघा

तुम्हाला सुचलेली गोष्ट बहुतेक वेळा कोणीतरी आधी केलेली असते. त्यानं वाईट वाटून घेऊ नका, त्यात तुमची दोन वर्षं वाचतात. अहमदाबादेतून प्रा. अनिल गुप्तांनी उभं केलेलं हनी बी नेटवर्क, २००० साली सुरू झालेलं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, आपली कृषी विद्यापीठं आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे असल्या साधनांच्या नोंदी असतात. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट शोधता येतात.

गारव्याच्या बाबतीत शोधलं तर बरंच हाती लागतं. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार झाला: विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत वाळू, वाळू ओली ठेवायची. साधारण शंभर किलो माल मावतो आणि उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उतरतं. गुजरातमधल्या वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा मिट्टीकूल हा मातीचा फ्रिज आहे. वरच्या कप्प्यातलं पाणी भिंतींतून पाझरतं आणि आतला कप्पा गार होतो. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात मडक्यात मडकं आणि मध्ये ओली वाळू अशी रचना भाजीवाल्यांपर्यंत पोचवली.

तिन्हींचं तत्त्व आपल्या माठाचंच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी पूर्ण उडालं तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं, म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास दोन तृतीयांश युनिट. मग यातलंच एखादं मावशींना का देऊ नये? विटांचा कक्ष शेतकऱ्याच्या बांधावर उत्तम, पण मंडईत जागाच स्वतःची नाही. मातीचं भांडं रोज उचलायचं, रिक्षात घालायचं, दुपारी मागे ओढायचं म्हटलं की आठवड्यात तडा जातो. आधीच्या वस्तू आपल्या माणसाच्या दिवसात नेमक्या कुठे अडतात, हे कळलं की तुमचं काम किती उरलं ते कळतं. इथे तत्त्व तयार होतं, उचलून नेता येईल असं रूप नव्हतं.

आणि इथे थांबून एक मोजमाप करायलाच हवं. प्रयोगशाळेत वापरतात तसला साधा थर्मामीटर घ्या (तापाचा चालणार नाही, त्याचा पारा आपोआप उतरत नाही). टोकाला सुती चिंधी गुंडाळा, पाण्यात बुडवा आणि सावलीत पुठ्ठ्यानं चार-पाच मिनिटं वारा घाला. पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. ही तुमच्या गारव्याची तळाची पायरी. पाणी उडवून गार करणारी कुठलीही वस्तू याच्या खाली जाऊ शकत नाही, मग ती पाचशेची असो की पाच हजारांची.

सोलापूर, नगर, विदर्भ इकडे मेमधल्या दुपारी हवा चाळीस अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल तर ओला पारा बावीस-तेवीसला थांबतो. म्हणजे सतरा अंशांचं मैदान मोकळं आहे. साध्या, पंखा नसलेल्या वस्तूला त्यातलं निम्मं-पाऊण मिळतं, तेवढंही पुष्कळ झालं. पण रत्नागिरीत किंवा म्हापशात बत्तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर तोच पारा एकोणतीसवर अडतो. तीन अंशांसाठी कोणी पैसे मोजायचे? तिथे ही वस्तू करूच नका. तिथली अडचण वेगळी, उत्तर वेगळं. एका जिल्ह्यात चाललेली वस्तू दुसऱ्या जिल्ह्यात नेण्याआधी चिंधी आणि थर्मामीटर घेऊन जा.

चौथी पायरी: भागांची नावं सोडा, कामं लिहा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत साहित्याची टंचाई होती. तिथले लॉरेन्स माइल्स ठरलेला भाग मिळत नसेल तर विचारू लागले, "तो भाग करतो काय? तेच काम दुसरं काय करेल?" यातून पुढे मूल्य विश्लेषणाची पद्धत उभी राहिली. ती शिकायला कॉलेज लागत नाही. प्रत्येक कामाला एक नाम आणि एक क्रियापद, एवढंच.

आमच्या गारव्याची कामं: पाणी धरणं. हवा जाऊ देणं. ऊन अडवणं. वजन पेलणं. तापलेल्या फरशीपासून माल उचलून धरणं. पाणी हळूहळू पुरवणं. बस्स. यात "दार" नाही, "चाकं" नाहीत, "रंगीत पत्रा" नाही. पहिल्या चित्रात मुलांनी दाराला कडी काढली होती. कडीचं काम काय, विचारल्यावर कोणालाच सांगता आलं नाही. दिवसभर हात आत-बाहेर होतो, दार हवंच कशाला? पडदा पुरतो.

मग प्रत्येक कामासमोर, ते काम मंडईत आधीच कोण करतंय ते लिहा. हा रकाना भरायला मुलं कंटाळतात, आणि सगळा पैसा याच रकान्यात वाचतो. पाणी धरायला बारदान आहे. वजन पेलायला… इथे आम्ही "चौकट करावी लागेल" असं लिहिलं. ते चुकीचं होतं, पण ते कळायला एक पाइप कापावा लागला.

पाचवी पायरी: साहित्य, कापणी आणि न केलेला भाग

आमची पहिली चौकट ६५ सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ४५ उंच. पाऊण इंची चौकोनी पाइपाची. पेटीच्या बारा कडा असतात: चार लांबीच्या, चार रुंदीच्या, चार उंचीच्या. बेरीज करा. २६०, २००, १८०. एकूण ६४० सेंटिमीटर. बाजारात पाइप वीस फुटांचा मिळतो, म्हणजे सुमारे ६१० सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरसाठी दुसरा पाइप घ्यावा लागला आणि त्याचं साडेपाच मीटरहून जास्त तुकडं कोपऱ्यात उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मापं बदलली: ६० बाय ४५ बाय ४५. आता २४०, १८०, १८०, बरोबर सहाशे. बारा तुकडे कापताना पात्याच्या जाडीत तीन-चार सेंटिमीटर जातात, तेही धरून एका पाइपात पेटी बसली. जुड्या तेवढ्याच मावल्या. वजनही एका झटक्यात कमी झालं. म्हणून सांगतो, चित्र काढण्याआधी दुकानात जाऊन माल किती लांबीचा, किती रुंदीचा येतो ते लिहून आणा. पाइप वीस फूट, प्लायवूड आठ बाय चार, कापडाचा पन्हा दुकानदाराला विचारून. वस्तूची मापं त्यातून निघायला हवीत. भंगाराच्या ढिगात जे पडतं ते गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेलं असतं.

पण खरी काटकसर त्यापुढे झाली. चौकट मंडईत नेली तर मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि आपले दोन प्लास्टिकचे क्रेट एकावर एक ठेवून दाखवले. "हे हायेतच की, दादा." जाळीदार भिंती, हवा आरपार जाते, पाण्यानं गंजत नाही, वजनाला हलका आणि आधीच त्यांच्या मालकीचा. चौकटीचं सगळं काम क्रेट करत होता. पहिल्या दिवसाच्या माझ्याच नोंदीत ते दोन क्रेट लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. लोखंड, वेल्डिंग, रंग सगळं गेलं. उरलं फक्त बारदानाचं अंगरखं: दोन क्रेटच्या उतरंडीला चारी बाजूंनी बसणारं, समोर दोन पदर एकमेकांवर येणारं, नाडीनं बांधायचं.

पाणी पुरवायला वर दोन लिटरची बाटली आडवी ठेवली आणि कंदिलाच्या सुती वाती तिच्यातून बारदानावर सोडल्या. वात पाणी ओढते आणि बारदानाला देते. बारदान लवकर कोरडं पडलं तर वात वाढवायची, खाली पाणी ठिबकायला लागलं तर एक काढायची. यासाठी पंप, नळी, टाइमर असलं काही लागलं नाही. क्रेटखाली दोन विटा, म्हणजे फरशीची धग लागत नाही आणि खालूनही हवा जाते.

बाजारात तयार मिळणारी वस्तू वापरण्याचा हा मार्ग आपल्याकडे आधी फार चांगला वापरला गेला आहे. पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली जो घरगुती बायोगॅस केला, त्यात दोन प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या असतात, एक थोडी लहान, दुसरीत उलटी बसणारी. घुमट बांधायला गवंडी लागत नाही. आणि खाद्य म्हणून शेणाऐवजी उरलंसुरलं अन्न, कारण शेण हे जनावरानं आधीच पचवलेलं असतं, त्यात गॅस होण्याजोगं कमी उरतं. मला या कामातली दुसरी गोष्ट जास्त शिकवून गेली. टाकी स्वस्त मिळाली म्हणून वस्तू लहान झाली असं नव्हतं. खाद्य बदललं म्हणून टाकी लहान पुरली.

बारदानाबद्दल एक ताकीद. धान्याचं किंवा साखरेचंच घ्या. ज्यात कीटकनाशक, बियाण्यावरचं औषध किंवा रसायन भरलं होतं असं पोतं खाण्याच्या मालाजवळ अजिबात नको, कितीही धुतलं तरी. घेतलेलं बारदान उकळत्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा.

सहावी पायरी: तुलना कोणाशी करायची

नवशिके नवी वस्तू एकीकडे आणि उघड्यावर पडलेली जुडी दुसरीकडे ठेवतात, मग वस्तू जिंकते. ही चाचणी खोटी आहे. मावशी आधीपासून ओलं बारदान टाकतात आणि पाणी शिंपडतात. तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे, आणि ते फुकटात होतं.

एकाच शेतातल्या, एकाच वेळी आलेल्या वीस जुड्या घ्या. दहा त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत, दहा अंगरख्यात. प्रत्येकीला दोरा बांधून नंबर द्या. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घेऊन नऊ, एक आणि पाच वाजता वजन करा. पालेभाजीतलं पाणी पाच टक्क्यांनी उतरलं तरी ती मलूल दिसायला लागते, त्यामुळे २५० ग्रॅमच्या जुडीत बारा-तेरा ग्रॅमचा फरकही महत्त्वाचा. वजनाआधी जुडी तीनदा झटका, नाहीतर शिंपडलेलं पाणीच मोजाल. दिवसभरात किती लिटर पाणी लागलं तेही लिहा, कारण आमच्या वाक्यात एका कळशीची अट आहे. ती ओलांडली तर भाजी ताठ राहूनही आपण नापास.

एकदाच करून थांबू नका. ढगाळ दिवशी करा, वारा पडलेल्या दिवशी करा. आणि कोथिंबीर, पालक, शेपू यांची नोंद वेगळी ठेवा, त्या सारख्या वागत नाहीत.

सातवी पायरी: वस्तू द्या आणि निघून या

आठवडाभर जाऊ नका. फोनही करू नका. तुम्ही शेजारी उभे असलात की वस्तू नेहमी चालते.

परत जाल तेव्हा वस्तूवरच्या खुणा वाचा. आमच्या अंगरख्याचे पदर समोर उघडत होते. मावशींनी ते फिरवून उजव्या बाजूला घेतले होते, कारण त्यांचा हात तिकडे जातो. नाडीच्या जागी त्यांनी कपड्यांचे चिमटे लावले होते. ओल्या नाडीची गाठ सुटत नव्हती. या दोन्ही दुरुस्त्या आम्ही पुढच्या प्रत्येक नगात घेतल्या. तिसरी खूण बारदानावर होती, पांढरट कडक थर. बोअरचं जड पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतो, थर बसला की बारदान पाणी ओढत नाही. म्हणून दर तीन-चार दिवसांनी साध्या पाण्यात चोळून धुणं आणि रात्री पसरून वाळवणं आलं. ओलंच गुंडाळून ठेवलं तर वास येतो आणि ताग लवकर कुजतो. हे शेडमध्ये बसून कधी कळलं नसतं.

याच फेरीत दुरुस्तीची परीक्षा घ्या. वस्तू मोडली तर कोणत्या दुकानात जावं लागेल? ते दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? अंगरखं फाटलं तर शिंपी, वात संपली तर किराणा, बाटली फुटली तर दुसरी बाटली. ज्या भागासाठी पुण्याला फोन करावा लागतो तो भाग बदला.

आठवी पायरी: हिशेब पूर्ण करा

दोन बारदानं, शिलाई, वाती, चिमटे मिळून साधारण पावणेदोनशे रुपये साहित्य आणि शिलाईचे. इथे थांबून मुलं म्हणतात, दोनशेला विकू. स्वतःचा तास धरत नाहीत, नेण्या-आणण्याचं भाडं धरत नाहीत, खराब झालेला नग धरत नाहीत. असं केलं की दहाव्या नगानंतर काम बंद पडतं आणि वस्तूची सवय झालेल्या माणसाची अडचण होते. तुमची मजुरी हा वस्तूचा भाग आहे. सगळं धरून किंमत चारशेच्या घरात बसते, आपल्या अकराशे पंचवीसच्या खडूच्या रेघेपेक्षा कितीतरी खाली. मग बारदान कुजल्यावर दुसरं घेण्याचा खर्चही त्यात सहज मावतो. हा खर्च विकतानाच सांगायचा, लपवायचा नाही.

वस्तू दिसते कशी याकडेही लक्ष द्या. टाटांच्या नॅनोचं इंजिनिअरिंग मोलाचं होतं, पण ती "सगळ्यात स्वस्त गाडी" म्हणून लोकांसमोर गेली हे चुकलं, असं रतन टाटांनी स्वतः पुढे म्हटलं. गरीब माणसाला गरिबाची वस्तू म्हणून दिलेलं काही नको असतं. शिवण सरळ घाला. कडेला एक रंगीत काठ लावा. दहा रुपये जास्त लागतात आणि मावशी ती अभिमानानं मांडतात.

कुठे काटकसर करायची नाही

विजेच्या वस्तूला अर्थिंग, चालणाऱ्या वस्तूला ब्रेक, फिरणाऱ्या पट्ट्याला जाळी, अन्नाला लागणाऱ्या भागाचं साहित्य, आणि शरीराच्या आत किंवा जखमेवर जाणारं काहीही. इथे पैसे वाचवायचे नाहीत. तेवढ्यानं किंमत मर्यादेबाहेर जात असेल तर ती वस्तू सध्या करू नका.

पेटंट आणि शिकायच्या जागा

खरोखर नवं काही सापडलं तर लोकांना दाखवण्याआधी, व्हिडिओ टाकण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर बारा महिने मिळतात. आमच्या अंगरख्यात तसं नवं तत्त्व नाही, म्हणून आम्ही त्याची मापं मागेल त्याला देतो.

हातानं काम करत शिकायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम एकदा बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे, त्यांची कामंही वाचण्यासारखी. पण सुरुवात या दोन्ही ठिकाणांहून करू नका. आधी स्वतःच्या गावच्या बाजारात एक दिवस बसा, वहीची चार पानं भरा आणि मग जा. तुमच्याकडे विचारायला काहीतरी नेमकं असेल.

मावशींच्या रांगेतल्या आणखी तिघींनी अंगरखं घेतलं. चौथ्या आमच्याकडे आल्याच नाहीत. त्यांनी मावशींचं अंगरखं एका रविवारी मंडईमागच्या शिंपीकाकांकडे नेलं, काकांनी टेप लावली आणि संध्याकाळपर्यंत तसंच शिवून दिलं. त्यांच्या क्रेटची उंची थोडी जास्त होती, तर काकांनी खाली चार बोटांची पट्टी जोडली. परवा मी ती पट्टी बघून आलो. आता आमच्या कागदावरही ती आहे.